हृदयाच्या आकाराची पानं: मिकानिया की आपलीच रानवेल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. दोडामार्ग तालुक्यात तुमची काजूची बाग आहे. खालच्या अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा आहे आणि व्हाळापलीकडे रबराची नवी लागवड झाली आहे. मागच्या पावसात काठावर एक वेल दिसली, यंदा ती तीन काजूंच्या माथ्यावर पोचली. शेजारचे काका म्हणतात गुळवेल आहे, हात लावू नका. मोबाइलमधलं अ‍ॅप म्हणतं मिकानिया, म्हणजे बाहेरून आलेली उपद्रवी वेल. कामाला येणारा गडी म्हणतो, तणनाशक मारू आणि विषय संपवू. तुम्हाला एकदाचं नाव हवंय.

नाव हवंच, पण तुमची खरी अडचण नावाच्या थोडी पुढे आहे. तणनाशक एकदा फवारलं की परत घेता येत नाही. ती मिकानिया असेल आणि तुम्ही गुळवेल समजून सोडलीत, तर पुढच्या पावसात तीनाच्या जागी तीस काजू तिच्याखाली जातील. ती आपली रानवेल असेल आणि तुम्ही मिकानिया समजून मारलीत, तर चांगली वेल जाईल, वर विष व्हाळात उतरेल. दोन्हीकडे नुकसान आहे, म्हणून ओळख पक्की हवी. ती अंदाजाने होत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तो बांधावरून, पंधरा-वीस फुटांवरून काढलेला आहे. त्यात पानं दिसतात, पण पानं खोडाला कशी लागली आहेत ते दिसत नाही. त्यामुळे त्या फोटोवरून मी होय किंवा नाही म्हणणार नाही. अ‍ॅपचीही तीच अडचण. त्याला तुम्ही जेवढं दाखवलंत तेवढंच त्याने पाहिलं, आणि हृदयाच्या आकाराचं पान ही आपल्याकडे फार स्वस्त खूण आहे. गुळवेल, पहाडवेल, कडू कारांदा, कोनफळ, उतरण, गारवेलीच्या जाती, किती नावं घ्यावीत! पानाचा आकार डोळ्यांत सगळ्यात आधी भरतो आणि ओळखीच्या कामी सगळ्यात कमी येतो.

मिकानियाची थोडी माहिती देते, म्हणजे मी एवढी सावध का आहे ते कळेल. मिकानिया मायक्रान्था मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. जगातल्या 100 अत्यंत उपद्रवी परक्या जातींची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने प्रसिद्ध केली, तीत ही आहे. आपल्याकडे दिसणारी घाणेरी आणि रानमोडीही त्याच यादीत आहेत. ईशान्य भारतात ती दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्ट्या झाकायला लावली असं सांगितलं जातं. चहाच्या मळ्यांत जमीन झाकण्यासाठीही तिचा वापर झाला. आज ती आसामात, केरळात, कोडगूच्या बाजूला मोठी डोकेदुखी आहे. नेपाळच्या चितवनमध्ये गेंड्यांच्या चराईची जागा तिने गिळली आहे.

मी तिला पहिल्यांदा जवळून पाहिलं ते केरळात निलंबूरला, सागाच्या कोवळ्या लागवडीत. लांबून हिरवीगार टेकडी वाटत होती. जवळ गेल्यावर कळलं की ती टेकडी म्हणजे वेलीचा थर आहे, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा जाड. दोन्ही हातांनी तो थर बाजूला केला तर आत सागाचं रोप होतं. पानं पिवळी, ओली, एकमेकांना चिकटलेली. शेंडा ओझ्याने वाकून जमिनीकडे वळलेला. बरोबरच्या मजुराने तिचं स्थानिक नाव सांगितलं: धृतराष्ट्रपच्च. पच्च म्हणजे हिरवं. आपल्याकडे धृतराष्ट्राची मिठी म्हणतात, तीच ही. त्या मिठीत भीमाचा लोखंडी पुतळा चुरडला गेला होता, इथे सागाचं रोप चुरडत होतं. त्या नावात तिची सगळी रीत आली आहे: प्रेमाने वेढा घालायचा, उजेड तोडायचा आणि वजनाने मोडायचं. पावसात ती दिवसाला आठ-नऊ सेंटीमीटरही वाढते. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळं फुटतात.

आता ओळख. फुलं आलेली असोत वा नसोत, मी सगळ्यात आधी पेर बघते. वेलीचा कोवळा शेंडा हातात घ्या आणि तिथून खाली तिसऱ्या-चौथ्या पेरापर्यंत या. पहिली गोष्ट, एका पेरावर दोन पानं समोरासमोर आहेत का? मिकानियाची पानं नेहमी जोडीने, समोरासमोर येतात. एका पेरावर एकच पान, पुढच्या पेरावर दुसऱ्या अंगाला दुसरं, असं आलटूनपालटून असेल तर ती मिकानिया नाही. इथेच गुळवेल, पहाडवेल, कारांदा आणि गारवेलीच्या सगळ्या जाती बाद होतात. शेजारच्या काकांचं म्हणणं खरं की खोटं हे तुम्ही दोन मिनिटांत ठरवू शकता. गुळवेलीची आणखी एक खूण त्यांनाही माहीत असेल: जून वेलीवर पुळ्यांसारखे उंचवटे, वरची साल कागदासारखी सुटणारी आणि झाडावरून खाली लोंबणारी सुतळीसारखी मुळं. मिकानियाला यातलं काही नसतं.

पानं समोरासमोर असतील तर दुसरी गोष्ट. दोन देठ जिथे खोडाला मिळतात, तिथे दोन्ही देठांच्या मधल्या जागेत नीट बघा. उजेडाकडे धरा, भिंग असेल तर उत्तमच, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या. मिकानियाच्या कोवळ्या पेरावर तिथे एक पातळ, पांढुरकी, अर्धपारदर्शक झालर असते. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याचा छोटा तुकडा कुणी कात्रीने उभा-आडवा कापून चिकटवावा तशी, वर फाटलेल्या कडेची. उंची पाच मिलिमीटरच्या आतच. ही झालर दिसली की माझी खात्री जवळजवळ होते. एक मात्र लक्षात ठेवा. जून पेरावर ती सुकून जाते आणि मागे फक्त दोन देठांना जोडणारी आडवी रेघ उरते. त्यामुळे खालच्या जाड वेलीवर झालर नाही म्हणून मिकानिया नाही, असं म्हणू नका. कोवळं पेरच बघा.

तिसरी गोष्ट चीक. पान देठाशी तोडा आणि पाच सेकंद थांबा. पांढरा दुधासारखा चीक आला तर ती मिकानिया नाही. उतरणीची पानंही समोरासमोर आणि हृदयाच्या आकाराची असतात. मिकानियाशी तिची गफलत सहज होते, आणि पिकल्यावर दोघींच्याही बिया म्हाताऱ्या होऊन वाऱ्यावर उडतात. पण उतरण तोडली की दूध गळतं आणि तिच्या फळांवर मऊ काटे असतात. मिकानियाला दूध नाही, काटे नाहीत, आणि फळ म्हणजे फक्त एक छोटी काळी बी, वर पांढऱ्या केसांचा झुपका.

कोनफळाचं मुद्दाम सांगते, कारण तुमच्या भागात परसात कोनफळ असतंच आणि तेच चुकून आधी उपटलं जातं. त्याचीही पानं समोरासमोर, हृदयाकार, मोठी. पण कोनफळाची वेल गोल नसते, चौकोनी असते, आणि कडांना पंखासारख्या पट्ट्या असतात. बोटांत फिरवली की लगेच कळतं. पानाची कड सलग असते. शिरा तळापासून निघून धनुष्यासारख्या टोकाकडे जातात. मिकानियाच्या पानातही तळापासून तीन ते सात शिरा निघतात, पण कडेला बहुधा बोथट दात असतात. बहुधा म्हणाले, कारण सावलीतल्या वेलीवर ती कड जवळजवळ सलगही सापडते. म्हणून दातांवर मी निकाल देत नाही.

एका गावात परक्या वेली काढण्याच्या श्रमदानाला मी गेले होते. सकाळी पोचायला मला तासभर उशीर झाला. तोवर उत्साही मुलांनी व्हाळाच्या काठची चिमीन ढिगाने उपटून टाकली होती. पांढरीशुभ्र पाच पाकळ्यांची फुलं त्या ढिगात अजून ताजी होती. चिमीन आपली, सह्याद्रीतली. तिची पानं समोरासमोर, टोकदार, बुडाशी एक-दोन दात असलेली. मुलांना ‘समोरासमोर पानं, पांढरी फुलं’ एवढंच सांगितलं गेलं होतं. चूक त्यांची नव्हती, सांगणाऱ्यांनी अर्धंच सांगितलं होतं. तेव्हापासून मी कुणालाही एका खुणेवर काम करू देत नाही.

फुलांचंही बोलू, कारण पाऊस ओसरताना मिकानिया फुलायला लागते आणि हिवाळ्यापर्यंत फुलत राहते. ती सूर्यफुलाच्या कुळातली, रानमोडीची जवळची नातलग. रानमोडीची फुलं तुम्ही पाहिलीच असतील. मिकानियाची तशीच, पण पांढरी, हिरवट झाक असलेली, वेलीच्या टोकाला पसरट गुच्छांत. वास सौम्य गोड असतो, काहींना व्हॅनिलाची आठवण होते. गुच्छातलं एक बोंड घ्या, अंगठ्याच्या नखावर ठेवा आणि टाचणीने उकला. ते पाच-सहा मिलिमीटरचं असतं, त्यामुळे हात स्थिर ठेवा. आतून 4 बारीक नळीसारखी फुलं निघतील, बाहेरून त्यांना धरून ठेवणारी 4 हिरवी खवलं. हा चाराचा हिशोब मला फार आवडतो, कारण त्याला हंगाम आणि सावलीचं काही घेणं नाही. रानमोडीच्या बोंडातून याहून कितीतरी जास्त फुलं निघतात.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लांबून पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त फसवते ती मोरवेल, काही जण तिला रानजाई म्हणतात. झाडांच्या माथ्यावर पांढुरक्या फुलांची चादर, मग पिसांसारख्या बिया. रस्त्यावरून जाणारा सहज म्हणेल, मिकानिया आली. पण मोरवेलीचं एक पान म्हणजे तीन किंवा पाच पर्णिका असतात आणि ती देठांनीच फांदीला विळखा घालते. मिकानियाचं पान एकसंध असतं आणि तिचं खोडच वळसे घालत चढतं. तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे दोरे, कुठेच नसतात. तणावा दिसला तर शोध दुसरीकडे वळवा.

थोडक्यात क्रम असा ठेवा. आधी पानं समोरासमोर आहेत का, मग कोवळ्या पेरावर झालर आहे का, मग चीक नाही ना, मग खोड चौकोनी पंखाचं नाही ना, पान एकसंध आहे ना. फुलं असतील तर बोंड उकलून 4 मोजा. पहिल्या दोन खुणा जुळल्या आणि बाकीच्यांनी विरोध केला नाही, तर मिकानिया समजून चाला. पहिलीच खूण जुळली नाही तर पुढे जाऊच नका.

जुन्या पुस्तकांत ‘मिकानिया कॉर्डाटा’ असं नाव वाचाल तर गोंधळू नका. ती तिची आशियातली बहीण. पूर्वी दोघींची नावं सर्रास एकमेकींना दिली गेली. बीवरचे केस पांढरे असतील तर मायक्रान्था, लालसर असतील तर कॉर्डाटा, अशी साधी खूण आहे. तुमच्या बागेत केस तपासायला बी पिकेपर्यंत थांबायचं मात्र नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मिकानियाला उजेड आणि ओल हवी. दाट, बंद छत्राच्या जंगलात ती मागे पडते. तुमच्याकडे उन्हाळा लांब आणि कोरडा असतो, त्यामुळे माळावर, कातळावर ती केरळाइतकी माजणार नाही असं मला वाटतं. पण व्हाळाचा काठ, पाणी दिलेली सुपारीची बागायत आणि नुकती मोकळी केलेली जमीन ही तिची आवडती ठिकाणं, आणि तुमच्या बागेला यातल्या दोन गोष्टी लागून आहेत. रबराची रोपं जिथून येतात तिथल्या पिशव्यांतल्या मातीतून वेलीचे तुकडे किंवा बी येऊ शकतं. म्हणून पलीकडच्या लागवडदारांना रोपं कुठून आणली ते विचारा. आरोप करायला नको. त्यांच्याही बागेचा प्रश्न आहे आणि व्हाळ दोघांचा आहे. एका काठाने वेल काढली आणि दुसऱ्याने ठेवली, तर पुराच्या पाण्याबरोबर तुकडे पुन्हा येतील.

तिच्यावर एखादी कीड किंवा रोग सोडता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. प्रयत्न झाला आहे. तिच्या मायभूमीतली एक तांबेरा बुरशी, पुक्सिनिया स्पेगॅझिनी, आसामात 2005 साली आणि केरळात 2006 साली सोडण्यात आली, पण ती इथे टिकली नाही. पापुआ न्यू गिनीत मात्र तीच बुरशी रुजली. आपल्याकडे सध्या हात आणि कोयता हाच उपाय आहे.

मिकानिया ठरलीच तर काय करायचं? तणनाशक नको. काठ उताराचा आहे, पाऊस अजून येतोय, आणि वेल काजूच्या पानांवर पसरलेली असल्याने वेलीबरोबर काजूचीही पानं जळतील. ग्रासकटर तर अजिबात लावू नका. तो वेलीचे शंभर तुकडे करून उडवतो आणि पेर असलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीत रुजू शकतो. हाताने काम करा. काजूच्या बुंध्याशी, कमरेच्या उंचीवर वेल कापा. वरचा भाग झाडावरच वाळू द्या. ओढून खाली काढायला गेलात तर काजूच्या कोवळ्या फांद्या तुटतील. कापलेल्या जागेपासून खालचा भाग मुळांसकट, जमिनीवर आडव्या पसरलेल्या प्रत्येक दोऱ्यासह उपटा. माती ओली असताना हे सोपं जातं, म्हणून आत्ताचे दिवस चांगले आहेत. उपटलेली वेल कातळावर पसरून कडकडीत वाळवा. काजूच्या बुडाला आच्छादन म्हणून घालू नका, शेणखड्ड्यात ओली टाकू नका, व्हाळात तर नकोच.

हे सगळं बी धरायच्या आत व्हायला हवं. एकदा म्हाताऱ्या उडायला लागल्या की वेल उपटतानाच तुम्ही बी पेरत जाता. त्याआधी फुलं आली असतील तर गुच्छ कापून पोत्यात भरा आणि जाळा. नंतर दर तीन-चार आठवड्यांनी एक फेरी, सुटलेल्या पेरांतून आलेले कोंब काढायला. पहिल्या फेरीत निम्मंही निघत नाही, हे आधीच मनाशी धरा. मी पाहिलंय, लोक दुसऱ्या फेरीला कंटाळतात आणि तिथेच हरतात.

मिकानिया नाही असं ठरलं तर? काजूच्या माथ्यावर चढलेली कुठलीही वेल उत्पन्न कमी करणारच, तेवढा भाग छाटा. पण मुळं ठेवा, काठावरची राहू द्या. गुळवेल निघाली तर काकांना सांगा, त्यांनाही आनंद होईल.

मला पुन्हा फोटो पाठवाल तेव्हा हे तीन पाठवा: कोवळ्या शेंड्याखालच्या तिसऱ्या-चौथ्या पेराचा अगदी जवळून, मागे पांढरा कागद धरून, एका पानाचा पुढून आणि मागून, बाजूला पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि तोडलेल्या देठाचा, पाच सेकंदांनी. फुलं असतील तर उकललेल्या बोंडाचाही. वेलीचा फूटभर तुकडा, पेर आणि पानांसकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा आणि वर तारीख, जागा लिहा. तो चांगला वाळला की सावंतवाडीच्या किंवा पणजीच्या एखाद्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवता येईल. पुडीतून काढताना किंवा गाडीतून नेताना एकही ओला तुकडा वाटेत पडू देऊ नका.